शाळा बंद करण्याआधी : शिकागोच्या शिक्षण मंडळास खुले पत्र

प्रति,
शिकागो शिक्षण मंडळाचे सर्व सभासद



शिकागोच्या शिक्षण मंडळावर लोकांनी निवडून दिलेले सभासद पहिल्यांदा बसले ते जानेवारी २०२५ मध्ये. तोवर मंडळाच्या नेमणुका महापौरांच्या हाती असत. इलिनॉय राज्याने २०२१ साली केलेल्या कायद्यानुसार नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा जागांसाठी निवडणूक झाली, उरलेल्या अकरा जागा महापौरांनी भरल्या, आणि जानेवारी २०२७ पासून एकवीसही जागा लोकनियुक्त व्हायच्या आहेत. सव्वातीन लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि दहा अब्ज डॉलरच्या घरातले अंदाजपत्रक असलेल्या या मंडळापुढे सर्वांत अवघड प्रश्न आहे तो रिकाम्या होत चाललेल्या शाळांचा. २०२४ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या मंडळाने २०२७ पर्यंत शाळा बंद न करण्याचा ठराव केला. ठरावाने प्रश्न पुढे गेला, सुटला नाही. तो सोडवताना शहराने गेल्या चाळीस वर्षांत जे करून पाहिले त्याचा हिशेब समोर असायला हवा. अमेरिकेतल्या शहरी शाळांच्या सुधारणेचे जवळजवळ सगळे प्रयोग शिकागोत झालेले आहेत, आणि त्यांचे मोजमापही इतर कोणत्याही शहरापेक्षा इथे अधिक बारकाईने झाले आहे.

शाळा कोणी चालवायची हा वाद शिकागोत फार जुना आहे. जॉन ड्युई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा शाळा सुरू केली. पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे ते हेच ड्युई. त्यांच्या सहकारी एला फ्लॅग यंग यांनी १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडले होते की शाळेचे निर्णय वरून येतात, शिक्षकाला त्यांत स्थान नसते आणि त्यामुळे शाळेतला प्रत्येक घटक एकटा पडतो. १९०९ साली त्याच यंगबाई शिकागोच्या शाळांच्या अधीक्षक झाल्या. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे स्त्रीच्या हाती येण्याची ती पहिली वेळ होती. त्यांनी नोंदवलेले दुखणे मात्र त्यांच्यानंतरही बरे झाले नाही.

साठच्या दशकात त्याला वर्णभेदाची धार आली. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या शाळा तुडुंब भरलेल्या होत्या. तिथे मुले पाळीपाळीने शिकत, आणि शेजारच्या गोऱ्या वस्त्यांतल्या शाळांत जागा शिल्लक असे. अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी मुलांना त्या शाळांत पाठवण्याऐवजी भरलेल्या शाळांच्या आवारात पत्र्याच्या फिरत्या वर्गखोल्या उभ्या केल्या. लोकांनी त्यांना नाव दिले ‘विलिस वॅगन’. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. पन्नास वर्षांनी याच वस्त्यांतल्या शाळा पट कमी म्हणून बंद झाल्या. २०१३ मध्ये त्या शाळा बंद करण्यावरच्या सभांमध्ये वयस्क माणसे १९६३ चा उल्लेख का करत होती हे त्यावरून उमजते.

पैशाची बाजू थोडक्यात अशी. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो, त्यामुळे ज्या गावात घरे महाग त्या गावाच्या शाळा श्रीमंत. १९७३ च्या सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिगेझ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की ही विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करत नाही. पुढच्याच वर्षी मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या डेट्रॉइटच्या खटल्यात, शहर आणि उपनगरे यांच्या शाळा एकत्र करून वर्णविभाजन मोडण्याचा मार्गही जवळजवळ बंद झाला. या दोन निकालांनी शहराच्या हद्दीची भिंत पक्की केली. शिकागो परिसरात आलेली अनेक मराठी कुटुंबे नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत घर घेतात ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे शालेय जिल्हा पाहूनच. त्यात गैर काही नाही, कोणतेही पालक तेच करतील. पण शहरातल्या शाळांमध्ये मागे कोण उरते हे अशाच हजारो रास्त निर्णयांच्या बेरजेतून ठरते. त्यात शिकागोची आणखी एक अडचण आहे. इलिनॉयमधल्या इतर जिल्ह्यांच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा मुख्य भार राज्य उचलते, तर शिकागोच्या शिक्षकांचा निधी स्वतंत्र असून त्याचे ओझे बहुतांशी शहराच्याच करदात्यांवर आहे. २०१७ साली राज्याने गरजेवर आधारलेले नवे अनुदानसूत्र आणले, त्याने सुधारणा झाली, तूट मात्र संपली नाही.

१९८७ साली शिक्षकांचा संप एकोणीस दिवस चालला. त्याच वर्षी केंद्रीय शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट असल्याचे जाहीर केले. पालक रस्त्यावर आले आणि १९८८ चा कायदा झाला. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या शहराने शाळेची सत्ता इतकी खाली सोपवली नव्हती. प्रत्येक शाळेला स्वतःची निवडून आलेली स्थानिक परिषद मिळाली. तिच्यात सहा पालक, वस्तीतले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक, हायस्कूल असेल तर एक विद्यार्थीही. चार वर्षांच्या करारावर मुख्याध्यापक नेमणे, तो न जमल्यास बदलणे आणि शाळेच्या अंदाजपत्रकाला मान्यता देणे हे अधिकार या परिषदेकडे आले. मतदानासाठी नागरिकत्वाची अट ठेवली नाही, मूल शाळेत असणे पुरे. मेक्सिकोतून आलेल्या, कागदपत्रे नसलेल्या आईलाही मुलाच्या शाळेचा मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क मिळाला. आजच्या मंडळाच्या निवडणुकीत तो हक्क तिला नाही, आणि शिकागोच्या शाळांतली जवळपास निम्मी मुले लॅटिनो घरांतली आहेत. मंडळ लोकनियुक्त झाले म्हणून स्थानिक परिषदांची गरज उरली नाही असे कोणी म्हणू लागले, तर या एका कारणासाठी तरी ते म्हणणे फेटाळायला हवे.

सात वर्षांत वारा फिरला. १९९५ साली राज्याने शाळांचा ताबा महापौर रिचर्ड एम. डेली यांच्याकडे दिला. अधीक्षकाच्या जागी कंपनीसारखा ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ आला आणि त्या पदावर शहराचे अर्थसंकल्प पाहणारे पॉल व्हालस बसले. हिशेब जुळले, शाळांच्या इमारती दुरुस्त झाल्या, संप थांबले. हे श्रेय त्यांचे आहे. त्याचबरोबर मुलांना वरच्या वर्गात नुसते ढकलणे बंद करण्याचे धोरण आले. तिसरी, सहावी आणि आठवीत परीक्षेत ठरावीक गुण नाहीत तर उन्हाळी वर्ग, तरीही नाहीत तर त्याच इयत्तेत मुक्काम. ऐकायला हे कडक आणि न्याय्य वाटते. पण शिकागो विद्यापीठातल्या कन्सॉर्शियम या संशोधन केंद्राने २००४ साली मांडलेल्या अभ्यासात दिसले की मागे ठेवलेल्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. सहावीतली मुले तर आणखी मागे पडली.

पुढची पायरी होती ‘रेनेसाँ २०१०’. महापौर डेली आणि तेव्हाचे मुख्याधिकारी आर्नी डंकन यांनी २००४ साली जाहीर केलेल्या या योजनेत कमकुवत शाळा बंद करून शंभर नव्या शाळा उघडायच्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच चार्टर शाळा होत्या, म्हणजे पैसा सरकारी आणि कारभार खासगी संस्थेचा. शाळा वाईट असेल तर ती बंद करून मुलांना चांगल्या शाळेत हलवावे, हा त्यामागचा तर्क. कन्सॉर्शियमने २००१ ते २००६ या काळात बंद झालेल्या अठरा शाळांतल्या मुलांचा माग काढला आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हलवलेल्या मुलांपैकी शहरातल्या वरच्या पाव हिश्श्यातल्या शाळांत पोचली ती जेमतेम सहा टक्के. बहुतेक मुले एका कमकुवत शाळेतून दुसऱ्या कमकुवत शाळेत गेली. हा निष्कर्ष येईपर्यंत डंकन देशाचे शिक्षणमंत्री झाले होते, आणि ४.३५ अब्ज डॉलरच्या ‘रेस टू द टॉप’ योजनेतून हाच विचार देशभर पोचत होता. शिकागोची चूक शिकागोत राहत नाही. हे पत्र इतर कोणत्या शहराच्या मंडळाला न लिहिता याच मंडळाला लिहिण्याचे ते एक कारण आहे.

२०१२ च्या सप्टेंबरात शिक्षकांनी पंचवीस वर्षांत प्रथमच संप केला. नव्या कायद्याने संपासाठी संघटनेच्या पंचाहत्तर टक्के सभासदांची संमती आवश्यक केली होती, मिळाली ती जवळजवळ नव्वद टक्क्यांची. कॅरेन लुईस यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने पगाराबरोबर ग्रंथपाल, परिचारिका, समुपदेशक, चित्रकला आणि संगीत यांची मागणी धरली. वाद आता ‘शिक्षक विरुद्ध मुले’ या साच्यात बसेना. पालकांचा मोठा वर्ग शिक्षकांच्या बाजूने उभा राहिला.

त्यानंतर आठ महिन्यांनी, २२ मे २०१३ रोजी, महापौर राम इमॅन्युएल यांनी नेमलेल्या मंडळाने एका बैठकीत पन्नास शाळा बंद केल्या. अमेरिकेच्या इतिहासात एका शहराने एका वेळी इतक्या शाळा कधी बंद केल्या नव्हत्या. आधी ३३० शाळा टांगणीला होत्या, मग १२९, मग ५४, शेवटी ५०. सुमारे बारा हजार मुलांना शाळा बदलावी लागली. त्यांतली दहापैकी जवळजवळ नऊ कृष्णवर्णीय होती. शहराच्या शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते.

कारण सांगितले गेले ते घटत्या पटाचे, आणि पट खरोखर घटला होता. पण तो आपोआप घटला नव्हता. २००० ते २०१० या दशकात शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे एक लाख ऐंशी हजारांनी कमी झाली. याच काळात शहराने रॉबर्ट टेलर होम्ससारख्या सरकारी घरांच्या उंच इमारती पाडल्या आणि तिथली कुटुंबे पांगली. एका खात्याने घरे पाडली, दुसऱ्याने भोवतीच्या भागांत नव्या चार्टर शाळा उघडल्या, आणि त्यानेच जुन्या शाळा रिकाम्या असल्याचा दाखला दिला. शाळा किती भरलेली हे मोजण्याचे सूत्रही वर्गामागे तीस मुले धरून केलेले होते. विशेष गरजांच्या मुलांचे वर्ग लहानच ठेवावे लागतात, त्यांना दिलेली खोली या हिशेबात अर्धी रिकामी ठरते, असा पालकांचा आक्षेप होता आणि तो सयुक्तिक होता.

तयारी काहीच झाली नाही असे नाही. मुलांना सामावून घेणाऱ्या शाळांना वातानुकूलन, ग्रंथालये आणि टॅब्लेट मिळाले. टोळ्यांच्या हद्दी ओलांडून जाणाऱ्या मुलांसाठी रस्त्यारस्त्यावर ‘सेफ पॅसेज’चे कार्यकर्ते उभे राहिले. बहुतेक मुले या वेळी कागदोपत्री अधिक चांगल्या शाळेतच गेली. असे असूनही कन्सॉर्शियमच्या २०१८ च्या अहवालाचा निष्कर्ष कठोर आहे. सर्वांत मोठा फटका बसला तो बंदची घोषणा झाली त्याच वर्षी, शाळा प्रत्यक्ष बंद होण्याच्याही आधी. वाचनातली घसरण काही काळाने भरून आली, गणितातली चार वर्षे टिकली. ज्या शाळांत ही मुले गेली तिथल्या आधीच्या मुलांचे वाचनही पहिल्या वर्षी थोडे खालावले. शिक्षकांनी आणि मुलांनी संशोधकांना जे सांगितले त्यात सतत येत होते ते दुःख, एखादे कुटुंब मोडल्यावर होते तसे. इव्ह यूइंग यांनी ‘घोस्ट्स इन द स्कूलयार्ड’ या २०१८ च्या पुस्तकात या दुःखाला अभ्यासाचा विषय केले. ज्या मुख्याधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत या शाळा बंद झाल्या त्या बार्बरा बर्ड-बेनेट यांनी पुढे कंत्राटातल्या लाचेचा गुन्हा कबूल केला आणि २०१७ साली त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. ज्या पालकांना सभेत दोन मिनिटे बोलू देऊन खाली बसवले होते, त्यांच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल याचा विचार आजच्या मंडळाने करावा.

ब्राँझव्हिल भागातल्या डायेट हायस्कूलची गोष्ट उलट दिशेची आहे. ही शाळा हळूहळू बंद करण्याचा निर्णय २०१२ मध्ये झाला होता. २०१५ साली पालक आणि रहिवाशांनी चौतीस दिवस उपोषण केले आणि २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली. वस्तीतल्या मुलांसाठी एक खुले हायस्कूल असावे एवढ्यासाठी माणसांना चौतीस दिवस अन्न सोडावे लागले, ही त्या काळच्या कारभाराबद्दलची सर्वांत जड नोंद आहे.

या सगळ्या धुमाळीत शिकागोच्या शाळा सुधारल्याही, आणि हेच समजून घेणे सर्वांत गरजेचे आहे. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी २०१७ साली दाखवले की २००९ ते २०१४ या पाच वर्षांत शिकागोतली मुले तिसरी ते आठवी या प्रवासात सहा वर्षांएवढी प्रगती करत होती. देशातल्या मोठ्या जिल्ह्यांत हा वेग जवळजवळ सर्वांत जास्त होता. हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण शतकाच्या सुरुवातीला निम्म्याच्या आसपास होते, ते आता ऐंशी टक्क्यांच्या वर आहे.

हे घडले कसे? एक उत्तर नववीच्या वर्गात सापडते. कन्सॉर्शियमच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की मूल हायस्कूल पूर्ण करणार की नाही हे नववीच्या अखेरीस बऱ्याच अंशी कळते. दहावीत जाण्याइतके विषय उत्तीर्ण आणि मुख्य विषयांत एका सत्रापुरते एकाहून अधिक नापास नाही, एवढी साधी कसोटी. ती पार करणाऱ्या मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट असते. गरिबी किंवा आठवीचे गुण यांपेक्षा हे एक चिन्ह अधिक नेमके सांगते. मग जिल्ह्याने नववीतल्या प्रत्येक मुलाची माहिती वर्ष चालू असतानाच शाळेला देणे सुरू केले. कोणाची हजेरी घसरली, कोण बीजगणितात अडकला हे ऑक्टोबरातच दिसू लागले. शिक्षक एकत्र बसून एकेका मुलाचे नाव घेऊन बोलू लागले, कोणी घरी फोन करायचा, कोणी दुपारी थांबवून शिकवायचे हे ठरू लागले. ही कसोटी पार करणाऱ्यांचे प्रमाण २००७ मधल्या ५७ टक्क्यांवरून २०१३ पर्यंत ८२ टक्क्यांवर गेले. यासाठी शाळेचा मालक बदलावा लागला नाही, कोणाला कामावरून काढावे लागले नाही.

दुसरे उत्तर त्याहून मूलभूत आहे. अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी नव्वदच्या दशकातल्या शिकागोतल्या शाळांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की शिक्षक, पालक आणि मुख्याध्यापक यांचा एकमेकांवर विश्वास असलेल्या शाळांपैकी दोनांत एक शाळा सुधारली, जिथे तो नव्हता तिथे सातांत एक. ब्राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या पुस्तकात या चित्राला पुष्टी दिली. मुख्याध्यापकाचे नेतृत्व, पालकांशी नाते, शिक्षकांची तयारी, मुलांसाठी सुरक्षित वातावरण आणि अभ्यासक्रमाचे मार्गदर्शन या पाच गोष्टींत बहुतांशी भक्कम असलेल्या शाळांची सुधारण्याची शक्यता दुबळ्या शाळांच्या किमान दहापट होती. एला फ्लॅग यंग यांनी शंभर वर्षांपूर्वी जे निरीक्षणातून लिहिले होते, ते आकड्यांनी सिद्ध झाले.

याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही मंडळाने टाळू नये. चक्रीवादळ कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या, आणि तिथे मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. पण तिथे सात हजारांहून अधिक शालेय कर्मचारी एका फटक्यात कामावरून गेले. ज्या कृष्णवर्णीय शिक्षकवर्गावर शहराचा कृष्णवर्णीय मध्यमवर्ग उभा होता तो मोडला. पुरात वाहून गेलेल्या शहराचा मार्ग शाबूत शहराला घेता येत नाही. शिवाय चार्टर शाळाही पटाच्या घसरणीतून सुटत नाहीत. शिकागोतल्या असेरो या संस्थेने २०२४ मध्ये आपल्या पंधरांपैकी सात शाळा बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्यांतल्या पाच वाचवण्यासाठी मंडळालाच पुढे यावे लागले.

आता रिकाम्या इमारतींकडे. सुमारे तीन दशांश शाळा निम्म्याहून अधिक रिकाम्या आहेत. ऑस्टिन भागातल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाच्या हायस्कूलमध्ये २०२४-२५ साली अवघे अठ्ठावीस विद्यार्थी होते आणि एकेका मुलामागे सुमारे त्र्याण्णव हजार डॉलर खर्च होत होता. एवढ्या पैशातही त्या मुलांना निवडायला पुरेसे विषय नव्हते. कोणतीच शाळा कधीच बंद करू नये ही भूमिका या मुलांवर अन्याय करते. शिक्षक संघटनेने आणि तिच्यातूनच आलेल्या महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी हे उघडपणे मान्य करायला हवे. २०२४ च्या ऑक्टोबरात कर्ज काढण्यावरून आणि तेव्हाचे मुख्याधिकारी पेद्रो मार्टिनेझ यांच्यावरून झालेल्या वादातून तेव्हाच्या सातही सभासदांनी मंडळ सोडण्याचे जाहीर केले. त्या भांडणात या अठ्ठावीस मुलांचा विषय कुठेच नव्हता.

म्हणून शाळा एकत्र करायच्याच असतील तर क्रम बदलावा लागेल. यादी आधी आणि सभा नंतर, हा २०१३ चा क्रम होता. आधी एका परिसरातल्या सगळ्या शाळांच्या स्थानिक परिषदा एकत्र बसवाव्यात, त्यांच्यासमोर पट, खर्च, इमारतीची अवस्था आणि घरबांधणीचे पुढचे नियोजन ठेवावे, चार्टर शाळांचे आकडेही त्याच टेबलावर ठेवावेत, आणि प्रस्ताव त्यांच्याकडून यावा. घोषणेचे वर्षच सर्वांत जास्त नुकसान करते हे ठाऊक असल्याने, निर्णय आणि अंमलबजावणी यांत किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष द्यावे आणि त्या वर्षात दोन्ही शाळांत जादा शिक्षक व समुपदेशक ठेवावेत. शिक्षकांना मुलांबरोबर नव्या शाळेत जाण्याचा पहिला हक्क असावा. २०१३ मध्ये मुले ज्या माणसांना ओळखत होती तीच माणसे आधी पांगली. रिकाम्या इमारतीचे काय करायचे हे शाळा बंद करण्याच्या ठरावातच लिहिलेले असावे, कारण २०१३ च्या कित्येक इमारती वर्षानुवर्षे फळ्या ठोकून पडून राहिल्या. बचत किती होणार याचा आकडा स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून आधी तपासून घ्यावा, आणि ती बचत त्याच परिसरातल्या मुलांवर खर्च होईल असे बंधन ठरावात घालावे. यांतले बरेचसे करायला नव्या कायद्याची गरज नाही. मंडळाच्या साध्या बहुमताने ते होऊ शकते.